मदत हवी आहे: पहिल्या ट्रॅक डेला अर्धे झिजलेले ब्रेक पॅड चालतील का?

पुढच्या महिन्यात कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर पहिलाच ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी वेगात चालवायचा दिवस). गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशीच), ६२,००० किमी. पुण्याहून हीच चालवत नेणार, हिच्यातूनच परत येणार, त्यामुळे टायर-सस्पेन्शनला हात लावायचा नाही.

कात्रज घाट उतरताना पेडल मऊ लागत होतं. ब्रेक ऑइल बदलून डॉट ४ ग्रेडचं भरलं (जुनं अगदी कोऱ्या चहासारखं निघालं), आता पेडल कडक आहे. पण घाट वेगळा, ट्रॅक वेगळा.

पुढचे पॅड कंपनीचेच, निम्मे उरलेत. मेकॅनिक म्हणतो, "भरपूर आहेत." त्याने ट्रॅक कधी पाहिलेला नाही, मीही नाही.

१५-१५ मिनिटांच्या सेशनला हे पुरतील का? नवे टाकले तर निघण्याआधी किती किमी रुळवावे लागतात?