मुंबई कॉमिक कॉनमध्ये (कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात) जुन्या कॉमिक्सचं टेबल पहिल्यांदाच लावतेय, मार्गदर्शन हवं

मीनल_कल्याण

नमस्कार मंडळी. डोंबिवलीचा माझा मामा आता कायमचा नाशिकला मुलाकडे राहायला चाललाय आणि त्याच्या दोन लोखंडी ट्रंका माझ्याकडे आल्यात. आत इंद्रजाल कॉमिक्स (मराठी जास्त, थोडी इंग्रजी), अमर चित्र कथा, टिंकल आणि राज कॉमिक्सचे हिंदीतले नागराज, ध्रुव आहेत. सगळे मिळून सहाशेच्या आसपास. ऐंशीच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत मामा चाळीच्या जिन्याखाली लायब्ररी चालवायचा, दिवसाला चार आणे भाडं. त्यामुळे बऱ्याच अंकांच्या पहिल्या पानावर जांभळा रबरी शिक्का आणि त्याखाली बॉलपेनने नंबर आहे.

रद्दीत तर घालायचे नाहीतच, पण एकगठ्ठा व्यापाऱ्यालाही द्यायचे नाहीत. ज्याला वाचायचंय त्याच्या हातात एकेक जावा, असं मामाचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. एक मैत्रीण स्वतःची चित्रं आणि पोस्टर विकते, तिच्याबरोबर अर्धं टेबल मिळतंय. भाव कसे ठरवायचे? शिक्केवाले अंक कोणी घेतं का? सगळा माल न्यायचा की निवडून? आणि जीएसटीचं काय?

फाउंटनकर

मीनलताई, माझी सुरुवात फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकण्यापासून झाली, आता प्रदर्शनांत टेबल लावतो. मामांची इच्छा वाचली म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माल लावून घ्या. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. जुन्या अंकांवर सरळ चालू क्रमांक असतो, नंतरच्यांवर खंड आणि अंक अशी जोडी. दोन्हींचे गठ्ठे वेगळे करा आणि क्रमाने लावा. इंद्रजालचं पक्कं गिऱ्हाईक आपल्याकडे नसलेल्या अंकांची यादी मोबाइलमध्ये घेऊन येतं. त्याला अख्खं खोकं उपसायला लावलंत तर ते पुढच्या टेबलावर जातं. आबिद सुरतींनी घडवलेला नायक बहादूर इंद्रजालमध्ये १९७६ साली आला, त्याचे अंक वेगळे ठेवा. वेताळाकडे, म्हणजे इंद्रजालच्या मुख्य नायकाकडे (इंग्रजीतला फँटम), ढुंकूनही न बघणारी माणसं फक्त बहादूर मागतात.

अमर चित्र कथेत गफलत होते. ही मालिका १९६७ पासूनची आहे, पण तीच गोष्ट वर्षानुवर्षं पुन्हा छापली गेली, पुढे क्रमांकही बदलून पाचशेच्या वर गेले. कव्हर जुनाट दिसतं म्हणून भाव चढवू नका. आतल्या पानावरचं वर्ष आणि छापील किंमत बघा.

आता खरं काम. प्रत्येक अंक मधोमध उघडायचा आणि पिना बघायच्या. आपल्याकडच्या दमट हवेत पिन गंजते, तिच्याभोवती तांबूस डाग पसरतो, तिथला कागद कुजतो आणि मधला ताव सुटून येतो. हा एक ताव म्हणजे चार पानं. लायब्ररीत फिरलेल्या अंकांतून तो बरेचदा गळालेला असतो आणि नुसतं चाळून ते कळत नाही, कारण दोन्हीकडची पानं जागेवरच दिसतात. पानं मोजा. कसर लागलीय का बघा, पोरांनी शब्दकोडं भरलंय का, कव्हरवरचं चित्र कापून घेतलंय का, तेही बघा. फाटलेल्याला सेलोटेप अजिबात लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि मग कुणालाच काही करता येत नाही.

मग पिशवी. पॉलीप्रॉपिलीनचीच घ्या, पीव्हीसीची नको, तिच्यातून निघणारी द्रव्यं कागद आणि शाई खराब करतात. अंकाचं माप घेऊनच खरेदीला जा. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत शेकड्यावर मिळतात. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: ‘मराठी, क्रमांक अमुक. पहिल्या पानावर लायब्ररीचा शिक्का. मधला ताव सुटा, पण आहे. भाव अमुक.’ माझ्या मते नवख्या विक्रेत्याने दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण ही चिठ्ठी हवीच. जुन्या कॉमिक्सच्या गिऱ्हाइकाने घरी जाऊन गोष्ट वाचली आणि ऐन मारामारीत चार पानं गायब निघाली, की तो माणूस जुनी कॉमिक्स घेणंच सोडतो. तसं सोडलेले लोक मला भेटलेत. दोष आधी सांगितलात तर तोच माणूस तो अंक आनंदाने नेतो, फक्त कमी पैशांत.

भावासाठी ऑनलाइन लोकांनी काय मागितलंय ते बघू नका, प्रत्यक्षात काय देऊन गेलं ते शोधा. मागणारे वाट्टेल ते मागतात. साठच्या दशकातले आणि पूर्ण, स्वच्छ असलेले अंक पाठीमागे तुमच्या हाताशी ठेवा. पुढे एक खोकं एकाच भावाचं, मोठ्या अक्षरांत पाटी लावून. गर्दीतले बहुतेक लोक कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश करणं), ॲनिमे (जपानी कार्टून) आणि टी-शर्टसाठी आलेले असतात, भाव विचारायला ते लाजतात. पाटी दिसली की हात खोक्यात जातो आणि भवानी तिथूनच होते.

सहाशे नेऊ नका. अर्ध्या टेबलावर दोन-अडीचशेच नीट दिसतात. खर्चाचं गणित घरीच करा: समजा तुमच्या वाट्याचं भाडं, टेम्पो, पिशव्या, खाणंपिणं मिळून १५,००० होतात आणि अंकामागे सरासरी १५० येतात, तर शंभर अंक गेल्यावर तुम्ही बरोबरीत येता. हे जमणार नसेल तर टेबल घेऊ नका, आणखी दोघं जोडीदार शोधा.

पुणेरी_संग्राहक

गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. शिक्केवाले अंक मी घेतो, खास करून मराठी इंद्रजाल. इंग्रजीच्या मानाने चांगल्या स्थितीतली मराठी प्रत हाती लागणं मला तरी अवघड गेलंय. शिक्का खोडरबराने किंवा थिनरने घालवायच्या भानगडीत पडू नका, कागदाचा पापुद्रा निघतो आणि मग ना शिक्का राहतो ना प्रत.

पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करणार असाल तर अंक बाहेर काढताना पट्टी पूर्ण सोडवा. अर्धवट लोंबणारी पट्टी कव्हरला चिकटते आणि वेताळाचा जांभळा रंग उचलून आणते. गिऱ्हाइकाला स्वतः काढू देऊ नका, तुम्ही काढून द्या.

फाउंटनकर काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही. चांगले अंक पाठीमागे ठेवले तर आमच्यासारख्यांना कळणार कसं? दोन-तीन तरी उभे करून समोर दिसू द्या.

हिशोबनीस

छापील पुस्तकं आणि नियतकालिकांवर जीएसटी शून्य आहे. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर त्यासाठी नोंदणीची गरज नाही. मैत्रिणीच्या पोस्टरचं तसं नाही, त्यांवर कर लागतो. म्हणून दोघींचे क्यूआर कोड आणि वह्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा. आयोजक टेबलाचं भाडं सांगतात तेव्हा त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हे लेखी विचारून घ्या.

आणि वेताळाच्या कवटीच्या कीचेन, जुन्या अंकांच्या रंगीत झेरॉक्स असला जोडधंदा कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. त्या पात्राचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीकडे आहेत.

मीनल_कल्याण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोजणीला सुरुवात केली. काकांचं खरं निघालं, एका वेताळात पान १४ वरून थेट १९. मामाला फोनवर सांगितलं तर तो ती गोष्टच सांगत बसला, मधल्या चार पानांसकट. त्याला शनिवारी टेबलावर आणू का? आणि घासाघीस करणाऱ्यांना काय सांगायचं?

फाउंटनकर

आणाच. पास किती मिळतात ते आधी विचारा आणि पाठीला टेकायला मिळेल अशी खुर्ची मागून घ्या, तिथली स्टुलं दिवसभर बसण्यासारखी नसतात. मामांना मराठी इंद्रजालच्या खोक्याशी बसवा. नागराज-ध्रुव तुम्ही सांभाळा, ते गिऱ्हाईक बहुतेक तिशी-चाळिशीतलं आणि हिंदीत बोलणारं असतं.

संग्राहकभाऊंचं मान्य, तीन अंक समोर उभे करा, पण पंख्याच्या वाऱ्याला नकोत.

घासाघीस शनिवारी एका अंकावर करू नका, पाच घेतले तर एक कमी भावात द्या. रविवारी दुपारनंतर पुढच्या खोक्यावर सूट द्या, पाठीमागच्या अंकांवर नको, ते पुढच्या वर्षीही जातील. पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क हमखास लटकतं. ‘पैसे गेले’ म्हणून कोणी स्क्रीनशॉट दाखवला तरी तुमच्या फोनवर जमा झाल्याचं दिसेपर्यंत पिशवी हातातून सोडू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला एक जादा फोन जवळ असू द्या.

पान १४ वाला अंक टाकून देऊ नका. चिठ्ठीवर ‘चार पानं नाहीत’ असं लिहा आणि पुढच्या खोक्यात ठेवा. एखाद्याकडे फाटक्या कव्हरची तीच प्रत असते, तो दोन्ही मिळून एक पूर्ण करतो.