पूर आला की आयसीयू हलवायचा, की वरच्या मजल्यावरच तग धरायचा?

पंचगंगाकाठ: कोल्हापुरात २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. म्हणून माझं मत ठाम आहे. ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली की पूररेषेतल्या दवाखान्यांनी व्हेंटिलेटरवरचे पेशंट हलवायला लागावं. ४३ ची, धोका पातळीची वाट बघू नये. व्हेंटिलेटरचे दहा पेशंट आणि दोन कार्डियाक ॲम्ब्युलन्स धरा. चढवणं-उतरवणं मिळून दीड तासाची एक फेरी, म्हणजे पाच फेऱ्यांना साडेसात तास. तोवर रस्ता राहील का?

आयसीयू सिस्टर: दादा, ३९ फूट बऱ्याच पावसाळ्यांत होतं. दर वेळी नॉरॲड्रेनलिनवरचा, म्हणजे बीपी टिकवणारं औषध पंपानं सतत चालू असलेला पेशंट जिन्यानं उतरवायचा? वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, चादरीत घेऊन चौघांनी उतरवावं लागतं, पाचवा नुसता श्वासाची नळी आणि अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) सांभाळायला. त्यात नळी निसटते, पंपाची बॅटरी बसते, बीपी पडतं. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर असेल तर तिथंच ठेवा. वीज आणि ऑक्सिजन वर घ्या.

बायोमेडिकलवाला: सिस्टर, अडतं ते तिथंच. जनरेटर उंचावर घेतात, पण चेंजओव्हर पॅनेल (वीज गेली की पुरवठा जनरेटरवर वळवणारं), डिझेल चढवणारा पंप आणि सक्शनचा व्हॅक्यूम पंप तळघरातच राहतात. पॅनेलमध्ये पाणी शिरलं की वरचा जनरेटर चालू असूनही वॉर्डात अंधार. ऑक्सिजनचंही बघा. जंबो सिलिंडर ७,००० लिटरचा. दहा पेशंटना मिनिटाला दहा-दहा लिटर दिला तर एक सिलिंडर ७० मिनिटांत संपतो. दिवसाला २१, तीन दिवसांना ६२. भरलेले एवढे सिलिंडर वर चढवून साखळीनं बांधायला जागा कुठाय?

आयसीयू सिस्टर: सगळे दहा लिटरवर नसतात. पण तळघराचं मान्य. पॅनेल आणि मॅनिफोल्ड (सिलिंडर जोडून ऑक्सिजन पाइपात सोडायची जोडणी) वर गेल्याशिवाय माझा मुद्दा टिकत नाही. तरी ३९ ला सरसकट हलवणं मला पटत नाही. त्या पातळीला नवीन भरती थांबवा, नियोजित ऑपरेशनं पुढं ढकला आणि डायलिसिसवाल्यांना आधी पाठवा. एका पेशंटला चार तासांत १२० लिटर शुद्ध द्राव लागतो. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी मिसळलं की आरओ प्लांट (ते पाणी शुद्ध करणारं यंत्र) बंदच ठेवावा लागतो.

पंचगंगाकाठ: हे घेतलं. पण वरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. ते उघडल्याची बातमी आली आणि पाऊस चालूच असला, तर ३९ असो वा ४१, निघायचं. आणि क्रम उलटा नको. आगीत चालते पेशंट आधी बाहेर काढतात, पुरात रस्ता कोरडा असेपर्यंत व्हेंटिलेटरवाले आधी. चालता माणूस नंतर बोटीतूनही जाईल.

बायोमेडिकलवाला: क्रमाला माझी हरकत नाही. पण पेशंट जिथं न्यायचे त्या दवाखान्याशी बेडचा लेखी करार पावसाळ्याआधी हवा, नाहीतर ॲम्ब्युलन्स दारात उभी राहते. त्यांच्या मॅनिफोल्डच्या जोडण्या आपल्या व्हेंटिलेटरच्या होजला बसतात का, तेही मे महिन्यातच लावून बघा.

आयसीयू सिस्टर: आणि रात्री दोनला "हलवा" हा हुकूम कोण देणार, ते नावानिशी लिहून ठेवा. ट्रस्टींचा फोन लागेपर्यंत थांबायचं असेल तर तुमचे ३९ आणि माझा दुसरा मजला, दोन्ही कागदावरच.