कालचा पाण्याचा मेसेज कुणी टाकला?

सुनंदाकाकू (बी विंग): "उजनीची लाईन फुटली, आठ दिवस पाणी नाही" हे काल रात्री ग्रुपवर कुणी टाकलं? घाबरून टँकर सांगितला. आज पहाटे नळाला धो धो पाणी! टाक्या भरल्यात, टँकर गेटवर उभा आहे.

देशमुखकाका (ए विंग): मी टाकलं. साडूने पाठवलं होतं. चांगल्या हेतूनेच पुढे पाठवलं.

अण्णा (सी विंग): टँकरचे पैसे कोण देणार? सोसायटी का?

महेश: काका, "दोन दिवस एटीएम बंद" पण तुमचंच होतं ना 😄

देशमुखकाका: मग तूच टाकत जा बातम्या. मेंटेनन्स तरी वेळेवर टाकतोस का?

महेश: ते इथे काढायची गरज नव्हती काका.

ॲडमिन: सर्वांना विनंती, असले मेसेज नकोत. उद्या केस झाली तर ॲडमिनला आत टाकतात.

वकीलसाहेब: असं लगेच होत नाही ओ. मेंबरने काही टाकलं म्हणून ॲडमिन दोषी ठरत नाही, संगनमत असेल तरच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. टाकणाऱ्याची जबाबदारी मात्र राहतेच.

अण्णा: ते ठीक. टँकरचं काय?

प्रज्ञा (बी विंग): नमस्कार. रात्री पेपरच्या ड्यूटीवर होते, आत्ता वाचलं. आपल्या शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीहून थेट लाईन, टाकळीचं पंपहाऊस आणि हिप्परगा तलाव. एक लाईन फुटली म्हणून सगळं सोलापूर एकदम कोरडं पडत नाही. मेसेजमध्ये कुठे फुटली, कधी फुटली, कुणी पाहिलं, काहीच नाही. मेसेजसोबतचा फुटलेल्या लाईनचा फोटो दुसरीकडचा वाटतोय, पण खात्रीने सांगता येत नाही.

गौराक्का (सी विंग): फोटो मोठा करून बघ गं. मागं दुकानाची पाटी कन्नडात हाय. "अंगडी" लिहिलंय.

महेश: अक्का, सोलापुरातही कन्नड पाट्या असतात की.

गौराक्का: असतात की. पण खाली "इंडी तालुका" लिहिलंय. ते कर्नाटकात, माझं माहेर तिकडचं. ही लाईन आपली न्हवंच.

प्रज्ञा: अक्का, मला कन्नड वाचता येत नाही, मी हे पकडूच शकले नसते! म्हणूनच सगळ्यांना सांगते. पेपरात आपल्या भागाला चार ओळी मिळतात, कारण प्रत्येक गल्लीत उभं राहायला माणसं नाहीत. पाणी कधी आलं, किती वेळ राहिलं, दाब कसा होता हे तुम्ही लिहा. ते महापालिकेच्या झोन ऑफिसला विचारून पडताळायचं काम माझं. जमलेलं आठवड्याला आपल्या भागाच्या पानावर छापू. संपादकांशी बोलले आहे.

देशमुखकाका: म्हणजे पेपरवाल्यांना फुकटात बातमीदार पाहिजेत.

प्रज्ञा: काका, प्रश्न रास्त आहे. शिकागोत सिटी ब्यूरो नावाची संस्था लोकांना शिकवून सरकारी बैठकांना पाठवते, ते नोंदी करतात, आणि त्याचे पैसे मिळतात. आमच्याकडे तेवढा पैसा नाही. म्हणून मी कुणाला बैठकीला जा म्हणत नाही. जे घरबसल्या दिसतं तेवढंच मागते, आणि नोंद करणाऱ्याचं नाव हवं असेल तर छापीन.

अण्णा: टँकरवाला हॉर्न वाजवतोय. पैसे कोण देणार ते आधी ठरवा.

सेक्रेटरी: अण्णा, टँकर डी विंगच्या हौदात रिकामा करा, तिथे जागा आहे. पैशाचं रविवारच्या मीटिंगला बघू.

सुनंदाकाकू: ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? आमच्या कामवाल्या मावशी पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू बोलतात. त्यांच्याकडे पाण्याचे आपल्यापेक्षा जास्त हाल.

प्रज्ञा: बोलून पाठवू देत. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर २०१० पासून तेच करतंय. आदिवासी भागातली माणसं फोनवर गोंडीतसुद्धा बातमी बोलतात, तपासून झाली की ती इतरांना फोनवरच ऐकता येते. तेलुगूतलं मराठीत सांगणारं कुणीतरी मात्र लागेल.

सुनंदाकाकू: मावशींचा मुलगा सांगेल. कॉलेजला आहे, हुशार आहे.

जोशीसर: चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' या वृत्तपत्राचे संपादक होते. १२ जानेवारी १९३१ ला त्यांना फाशी दिली. त्या गावात आज बिननावाच्या मेसेजवर लोक टँकर मागवतात, हे मला फार लागतं. प्रज्ञा, माझं नाव लिहून घे.

महेश: सर, तुमचा फोन तर कायम सायलेंटवर 😄

जोशीसर: वहीत लिहीन.

वकीलसाहेब: पाण्याचं वेळापत्रक माहिती अधिकारात मागू. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. मसुदा मी करतो.

अण्णा: टँकरचे पैसे मीटिंगच्या विषयांत लेखी घ्या. मागच्या वेळी लिफ्टचंही "बघू"च म्हणाला होता.

सेक्रेटरी: घेतो अण्णा.

गौराक्का: सी विंग. पाणी पहाटे ५.१० ला आलं, ६.४० ला गेलं. मोटर न लावता पहिल्या मजल्यापर्यंत चढलं.

देशमुखकाका: ए विंग. ५.२५ ते ६.३०. सुरुवातीला दहा मिनिटं गढूळ. मी स्वतः नळाशी उभा होतो.

प्रज्ञा: गढूळ पाणी बी विंगलाही आलं का? कुणी बाटलीत भरून ठेवलं असेल तर फोटो पाठवा, मी अकराला झोन ऑफिसला जाते आहे.

सुनंदाकाकू: आलं होतं. पातेल्यात धरलंय, पाठवते.