१९५१ ची शेवरोले पिकअप विकायची आहे (ठाणे), सल्ला हवा

नौपाडा_५१

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. नव्या इमारतीत पार्किंग मिळणार ते यांत्रिक, पाळण्यात चढवायचं. बिल्डरच्या माणसाने आमच्या गाडीला टेप लावली आणि नुसता हसला. भाड्याने बंद जागा शोधली, पण ठाण्यात तेवढ्या भाड्यात एक कुटुंब राहील. म्हणून विकायला काढतोय.

गाडी म्हणजे शेवरोले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता (१९२८ ते १९५४), तिथे जुळवलेली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. काकांनी ती भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्याकडून घेतली, त्याच्याकडे ती सुताची पोती वाहायची. काकांनंतर वारस म्हणून माझ्या नावावर झाली. नंबर जुना, मुंबईचा बीएमवाला.

पत्र्याचं काम वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींनी केलं. केबिनचे खालचे कोपरे आणि दोन्ही फूटबोर्ड नव्याने बनवले, पुटीने लिंपलेलं काही नाही. हौद्याला जुन्या वाड्याच्या तुळयांचं सागवान, दोन फळ्यांच्या मध्ये स्टीलची पट्टी, अगदी मूळ पद्धतीने. बदल असे: सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वायरिंग, पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एसी. इंजिन आणि गिअरबॉक्स टोयोटा क्वालिसचा, डिझेल. मागचा एक्सल बोलेरोचा. खाली मूळचा गडद हिरवा रंग, वर क्रीम. मूळ इंजिन नि गिअरबॉक्स भिवंडीच्या गोदामात खोक्यात आहेत.

आतापर्यंत सव्वीस लाख घातलेत. परवा एक दलाल आला आणि गाडीभोवती पुरती फेरीही न मारता नऊ म्हणाला. कुठे विकावी, किती सांगावेत, कागदांचं काय बघावं?

कोलशेतकाठ

फोटो टाका हो आधी. विशेषतः तो हौदा.

सहा_व्होल्ट

भावाचं मागाहून बघू. आधी आरसी हातात घ्या आणि इथे लिहा: इंधन काय लिहिलंय, इंजिन नंबर कुठला, वाहनाचा वर्ग काय आणि वैधता कधीपर्यंत.

कारण सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, वैयक्तिक वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते, पण ती मूळ स्वरूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार असेल तर ती विंटेज धरत नाहीत. नव्या नोंदणीला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. नवा नंबर घेतला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे तुमचा बीएम वाचतो. बदल्यात रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

क्वालिसचं इंजिन असलेली गाडी यात बसत नाही. साध्या नोंदणीतही तिला त्रास आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल दोन्ही हेच सांगतात की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. रंग बदलता येतो, तो आरसीवर चढवून घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीपासून बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एरवी कोणी अडवत नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट इंजिन नंबरवर ठेवते, आणि पंधरा-वीस लाख मोजणारा माणूस हे विचारूनच येतो. तुमचा दलाल नऊ म्हणाला तो येडा म्हणून नव्हे. त्याने बॉनेटखाली वाकून बघितलं असणार.

आता कळीचा प्रश्न. क्वालिसचं इंजिन बसवताना चेसिसचा आडवा मेंबर कापला का? मूळ इंजिन पुढे टायमिंग प्लेटपाशी (इंजिनाच्या तोंडाची पट्टी) आणि मागे बेलहाउसिंगपाशी (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं घर) टेकतं. नवे ब्रॅकेट बोल्टवर असतील तर सगळं माघारी फिरवता येईल, वेल्ड केले असतील तर चेसिसला हात लागला. शिवाय या पिकअपना १९५४ पर्यंत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा, बंद नळीत असायचा, टॉर्क ट्यूब म्हणतात ती. ती नळी आणि मूळ एक्सल आहेत की कुर्ल्याला किलोवर गेले?

घोडबंदर_गॅरेज

कागदांचं बोलणं बरोबर आहे, पण मूळ इंजिनाचे इतके गोडवे नकोत. ते २१६ घनइंचाचं सहा सिलिंडर. पिस्टनच्या रॉडला व्हाइट मेटलची (मऊ धातू ओतून केलेली) बेअरिंगं, पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग नाही, रॉडच्या टोकाचा डिपर, म्हणजे छोटा चमचा, तेल उडवतो ते पोचेल तेवढं पोचतं. त्यात मागच्या एक्सलचा गिअर रेशो ४.११, म्हणजे इंजिन जास्त फिरतं आणि गाडी कमी पळते. माजिवड्याहून निघून नाशिक हायवेला लागलात की ट्रकवाले मागून हॉर्न मारून जीव खातील, आणि ताणलंत तर इंजिनच आवाज करायला लागेल. व्हाइट मेटल नीट ओतून बोअर करणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत.

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न एसीचा विचारतं, दुसरा स्टिअरिंग जड आहे का. फार्महाऊसवाले, हॉटेलवाले, रविवारी मुलांना घेऊन येऊरला जाणारे. त्यांना तुमची गाडी आहे तशीच हवी आहे. मी म्हणेन, काही काढू नका, तसा शौकीन शोधा.

सहा_व्होल्ट

असा शौकीन मिळेलही. पण आरसीवर पेट्रोल आणि टाकीत डिझेल हे त्याला विकताना सांगणार की नाही? सांगितलंत तर भाव पडतो, न सांगितलंत तर उद्या तो तुमच्याच दारात.

मामाचा_गाव

काका, विकू नका!! पुन्हा मिळणार नाही अशी गाडी. गावाला नेऊन ठेवा, तिथे जागेला काय तोटा.

नौपाडा_५१

@मामाचा_गाव, गाव वेंगुर्ल्याजवळ. खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढले की फूटबोर्ड पुन्हा चाळणी. भावना पोचल्या.

@सहा_व्होल्ट, आरसी घरातल्या जुन्या ट्रंकेत आहे, संध्याकाळी काढतो.

नेरुळची_ताई

आम्ही बाबांची फियाट ११०० विकली तेव्हाचं सांगते, गाडी वेगळी असली तरी व्यवहार तोच.

जाहिरात टाकलीत की पहिल्या आठवड्यात येणाऱ्यांतले निम्मे रील काढायला येतात. त्यामुळे पत्ता लगेच देऊ नका. आधी फोनवर बोला, खरा माणूस आरसीचे प्रश्न विचारतो, खोटा "लास्ट किती" विचारतो. चालवून बघायची असेल तर लायसनचा फोटो आधी मागवायचा, पहिली फेरी तुम्ही मारायची, मग त्याच्या हातात द्यायची आणि शेजारी बसायचं. आम्ही रविवारी सकाळी लवकर पाम बीच रोडला नेत होतो, रस्ता मोकळा असतो आणि ब्रेकची परीक्षाही होते.

पैसे सगळे बँकेतून. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला बसतो, तोही तेवढ्याच रकमेचा. "अर्धे कॅश घ्या ना ताई" म्हणणारे हमखास भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावायचं.

फॉर्म २९ आणि ३० वर (विक्री कळवायचे आणि नाव बदलायचे) घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन हातांतून फिरवायची ही दलालांची जुनी रीत, तोवर चलनं तुमच्या नावावर. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. विक्री कळवायला राज्यातल्या राज्यात तुम्हाला चौदा दिवस असतात. आणि ताबा दिल्याची पावती करा, त्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. आमच्या गाडीने त्याच दिवशी दुपारी वाशीत सिग्नल तोडला होता, पावतीवर सकाळचे अकरा होते म्हणून निभावलं.

कोलशेतकाठ

विकण्यापेक्षा मालिकांना भाड्याने द्या की. घोडबंदरला रोज कुठे ना कुठे शूटिंग चालू असतं.

नेरुळची_ताई

खासगी नंबरची गाडी भाड्याने देणं म्हणजे व्यावसायिक वापर. आणि उभी कुठे करणार, प्रश्न तोच राहिला ना.

नौपाडा_५१

आरसी सापडली. इंधन पेट्रोल. इंजिन नंबर मूळ इंजिनाचाच. पहिल्या पुस्तकात 'प्रायव्हेट कॅरिअर' लिहिलंय, पण काकांनी पुढे नॉन-ट्रान्सपोर्ट करून घेतलेली दिसते, आताच्या आरसीवर तेच आहे. वैधता २०२७ पर्यंत. मागच्या नूतनीकरणाला तपासणी झाली तेव्हा मूळ इंजिनच होतं, क्वालिसचं नंतर आलं. क्रीम रंग चढवलेला नाही.

मिस्त्रींशी बोललो. मेंबर कापलेला नाही, इंजिनाचे ब्रॅकेट चारही बोल्टवर. वेल्डिंग एकाच ठिकाणी, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स धरायला. एसीच्या पाइपांसाठी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दोन भोकं. टॉर्क ट्यूब आणि एक्सल गोदामात आहेत, त्यांनी फेकू दिले नव्हते.

सहा_व्होल्ट

मिस्त्रींना माझ्यातर्फे वडापाव. काम सोपं झालं.

'प्रायव्हेट कॅरिअर' हा १९३९ च्या कायद्यातला वर्ग, १९८८ च्या कायद्यात तो राहिला नाही. वर्ग नॉन-ट्रान्सपोर्ट झालाय हे तुमच्या पथ्यावर पडेल, कारण मालवाहू म्हणून नोंद असती तर विंटेजचा विचार तिथेच थांबला असता. तरी ते जुनं पुस्तक जपा. पिकअप म्हटल्यावर आरटीओत वर्गाचा प्रश्न निघणारच, अर्ज करण्याआधी तोंडी विचारून या.

माझं मत स्पष्ट आहे: मूळ इंजिन परत बसवा आणि मग विका. बसवण्याआधी ते शाबूत आहे का ते बघा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवा. फिरलं तर स्टँडवर बांधून चालवा आणि गार इंजिनापासून गरम होईपर्यंतचा अखंड व्हिडिओ काढा. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो. तो तारेच्या ब्रशने नव्हे, रॉकेलच्या फडक्याने पुसून फोटो घ्या. घासलेला नंबर बघितला की जाणकाराच्या कपाळावर आठी येते. चेसिसच्या नंबरची पट्टी दाराच्या बिजागरीच्या खांबावर असेल, तीही रंगात बुडाली नाही ना बघा.

एक कुतूहल. दारांना पुढे छोटी फिरती काच आहे का, आणि हँडल खाली दाबायचं की बटणाचं? छोटी काच १९५१ ला आली, बटण १९५२ ला. दोन्ही दारं काच असलेली आणि दाबायच्या हँडलची असतील तर ती त्याच सालची, हे जाहिरातीत ठळक लिहा.

बारा व्होल्ट राहू द्या. सहाचा मूळ सेल्फ बारावर फिरतो, फक्त लांब मारायचा नाही, आणि पेट्रोलच्या काट्याला रिड्यूसर लावा. डिस्क ठेवायच्या असतील तर मागे मूळ ड्रम आल्यावर मास्टर सिलिंडर पुन्हा जुळवावा लागेल. एसी काढा, भोकांना रबरी ग्रोमेट. स्टिअरिंगचं वेल्डिंग मात्र खरेदीदाराला आधीच दाखवा.

किंमत बिलांवरून काढू नका. सव्वीसातला मोठा वाटा अशा कामांचा आहे जी पुढचा माणूस उलट काढून टाकणार. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, त्यांच्या रॅलीला जुन्या अमेरिकन गाड्यांचे मालक येतात. तिथे दोघा-तिघांना गाडी दाखवा, त्यांचे आकडे सहसा फार लांब नसतात. घेणारा बहुधा त्यांच्याच ओळखीतून निघेल. वापरलेल्या गाड्यांच्या साइटवर ही टाकलीत तर अल्टो एक्स्चेंजला घेणार का म्हणून फोन येतील.

नौपाडा_५१

दारं काचवाली, हँडल दाबायचं. दोन्ही. रविवारी मिस्त्रींना घेऊन गोदामात जातो. रंगाचं आरसीवर या आठवड्यात करून घेतो.

घोडबंदर_गॅरेज

ठीक आहे, तुमची गाडी, तुमचा निर्णय. क्वालिसचा सेट काढाल तेव्हा वायरिंग तोडू नका, लूम (वायरींचा जुडगा) अख्खा ठेवा आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडे एक जीप वाट बघतेय.

सहा_व्होल्ट

जीपची आरसी काय म्हणते?

घोडबंदर_गॅरेज

तुम्हाला व्यनि करतो.