पीएफओए आणि आजार यांचा संबंध कसा ठरवला गेला?

प्रश्न : पाण्यातील पीएफओए या (न चिकटणाऱ्या लेपांच्या निर्मितीत वापरल्या गेलेल्या) रसायनामुळे आजार होतात, हे माणसांवर प्रयोग न करता कसे ठरवले, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १ : अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया व ओहायो येथील दूषित पाण्याशी संबंध आलेल्या सुमारे ६९,००० रहिवाशांचे रक्त २००५-०६ मध्ये तपासले गेले. रहिवाशांनी ड्युपॉन्ट कंपनीवर केलेल्या दाव्यातील न्यायालयीन तडजोडीतून नेमलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांनी (लोकसमूहांतील आजारांची कारणे शोधणाऱ्यांनी) रक्तातील पीएफओए व आजार यांची सांगड तपासून २०१२ पर्यंत मूत्रपिंड व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी पीएफओएचा 'संभाव्य संबंध' नोंदवला.

उत्तर २ : एक पुस्ती जोडतो. रक्तातील पीएफओएचे प्रमाण निम्मे व्हायला काही वर्षे लागतात, त्यामुळे एकच नमुना मागील वर्षांचीही साक्ष देतो.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. इतक्या कुटुंबांनी रक्त दिले नसते, तर हे कळलेच नसते.