'हाफ्टन'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एक शब्द अडलाय. जर्मनीत आल्यावर मला सगळ्यात आधी पाठ झालेली पाटी म्हणजे बांधकामाच्या कुंपणावरची. 'बेट्रेटन फरबोटन, एल्टर्न हाफ्टन फ्यूर ईरं किंडर.' आत यायचं नाही, आणि पोरांसाठी आईबाप 'हाफ्टन'. जिथे खड्डा खणलाय तिथे ही पाटी असतेच, आमचा मुलगा नुकता वाचायला शिकला होता तेव्हा प्रत्येक वेळी थांबून मोठ्याने वाचायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा, जणू काही मी आत्ताच अडकलोय.

'पालक जबाबदार' म्हटलं तर ते आपल्याकडच्या 'सामानाची जबाबदारी मालकाची' सारखं वाटतं, लिहिणाऱ्याने हात झटकले एवढंच. हाफ्टनमध्ये खिशातून पैसे जाणं आहे, दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा असतो ना, त्याला इथे हाफ्टफ्लिश्ट म्हणतात. आणि खरी मजा पुढेच आहे, हाफ्टनचा दुसरा अर्थ चिकटणे! पिवळ्या चिकट चिठ्ठ्या म्हणजे हाफ्टनोटिझ. म्हणजे पोराने केलेले उद्योग बापाला येऊन चिकटतात. म्हणून मला 'अंगाशी येणे' बरा वाटतो. पटतंय का?

— नाही पटत. अंगाशी येतं ते आपलंच केलेलं. आणि 'अंगाला लागणे' म्हणालात तर आजी विचारेल, काय खाल्लंस? मी 'भुर्दंड' म्हणेन. भुर्दंडात 'माझा काय दोष' ही कुरकुर आपोआप येते. आणि ती इथे बसते, कारण पाटी कायद्यापेक्षा जास्तच बोलतेय. जर्मन नागरी कायद्याचं कलम 832 वाचा, आईबापाने लक्ष ठेवायची जबाबदारी नीट पाळली असेल तर त्यांच्यावर काही येत नाही. आणि कलम 828 प्रमाणे सात वर्षांखालचं मूल स्वतःही भरपाईला बांधील नाही, मग कुंपणवाल्याने कोणाकडे बघायचं? पाटी आपली दरडावते.

— थोडं विषयांतर, पण मला भुर्दंड पडला तो 'वेर्कटाग्स' या शब्दाने. पार्किंगच्या पाटीवर होता, मी समजलो कामाचे दिवस म्हणजे सोमवार ते शुक्रवार, शनिवारी निवांत गाडी लावली आणि काचेवर चिठ्ठी. वेर्कटाग म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्टी सोडून सगळे दिवस, शनिवार धरून! रजेच्या कायद्यात सुद्धा किमान 24 वेर्कटाग लिहिलंय, ते आठवड्याचे सहा दिवस धरून, त्यामुळे पाच दिवसांच्या नोकरीत ते 20 होतात. ऑफिसला जायचे दिवस म्हणायचे असतील तर वेगळा शब्द आहे, आर्बाइट्सटाग. आपल्याकडे दोन्हीला 'कामाचा दिवस'च म्हणतो ना?

— हो, आणि बँकेत जाऊन दुसऱ्या शनिवारी परत येतो. मूळ प्रश्नाला माझं उत्तर, 'पदराला खार'. पैसे जाणं त्यात आहे, आणि पाटीवर मावतंसुद्धा : 'आत येऊ नये. पोरं आली तर आईबापाच्या पदराला खार.'

— घेतला! पण मुलाला सांगितलं तर तो विचारतो, बाबा, तुला पदर कुठाय?