'निअर मिस'च्या रजिस्टरात नेमकं धरायचं कोणाला?

लेबररूम_इनचार्ज
मेडिकल कॉलेजच्या लेबर रूमला इनचार्ज सिस्टर आहे. रजिस्टरं काय कमी होती, त्यात 'मॅटर्नल निअर मिस'चंही आमच्याकडेच आलंय. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाया त्यात लिहायच्या. काम पटतं, पण धरायचं कोणाला यावरून रेसिडेंट डॉक्टरांशी रोज वाद.

परवाच्या दोन केस बघा. एक पहिलटकरीण, घरी झटके आले, बीपी १७०/११०, तालुक्याहून १०८ ने आली. तिथल्या सिस्टरने मॅगसल्फचा (झटके आवरायचं इंजेक्शन) पहिला मोठा डोस देऊन वेळेसकट चिठ्ठीवर लिहिलं होतं (अशी चिठ्ठी दिसली की हात जोडावेसे वाटतात). आमच्याकडे पुन्हा झटका नाही, बाळ बरं. दुसरीचं खासगीत सिझर, वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी होती, रक्त थांबेना म्हणून तिथेच गर्भपिशवी काढली आणि ट्यूब घालून आमच्या आयसीयूत पाठवली. दोन दिवस व्हेंटिलेटरवर होती, वाचली. ही कोणाच्या नावावर? आणि मीटिंगमध्ये एचओडी (विभागप्रमुख) मॅडम विचारतात, "या महिन्यात एवढ्या कशा वाढल्या?" की पुढच्या महिन्यात आपोआप कमी होतात!

निवृत्त_गायनॅक
सिस्टर, दुसरीबद्दल वादच नको. डब्ल्यूएचओच्या निकषांत रक्तस्रावासाठी गर्भपिशवी काढणं, रक्ताच्या ५ किंवा जास्त पिशव्या, भुलीशी संबंध नसताना तासभर व्हेंटिलेटर, यांतलं एक असलं तरी पुरतं. तिला तुम्हीच लिहा, पण 'येतानाच त्या अवस्थेत' असं वेगळं दाखवा. बाहेरून बिघडून आलेली आणि तुमच्या वॉर्डात बिघडलेली एकत्र मोजली तर त्या आकड्याचा उपयोग काय?

पहिलीचं जरा अवघड आहे. डब्ल्यूएचओ नुसत्या एक्लाम्पसियाला (गरोदरपणात बीपी वाढून झटके येणं) गंभीर गुंतागुंत म्हणतं, निअर मिस नाही. त्यासाठी अवयव निकामी होण्याची खूण लागते: झटके आवरतच नाहीत, १२ तासांवर बेशुद्ध, प्लेटलेट ५० हजारांखाली, असं काही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत मात्र लक्षणं, तपासण्या आणि उपचार या तिन्हींतून किमान एकेक निकष बघतात, तिथे ती बसू शकते. फॉर्म केंद्राचा असेल तर निकषही केंद्राचाच लावा. वर्षाच्या मध्ये बदलू नका.

मॅडमना भागाकार दाखवा: मृत्यू भागिले मृत्यू अधिक निअर मिस. समजा २५ जणी त्या टोकाला गेल्या आणि ५ दगावल्या, तर २० टक्के. पुढच्या खेपेला ५० गेल्या आणि ५ च दगावल्या, तर १०. आकडा दुप्पट, तरी वाचवण्याचं काम सुधारलंच ना?

लेस्टरची_मिडवाईफ
मूळची साताऱ्याची, इथे मिडवाईफ आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून यूकेओएसएस चालतं, ऑक्सफर्डहून, म्हणजे गरोदरपणातल्या दुर्मिळ गंभीर आजारांची देशभरची नोंद. एका हॉस्पिटलला गर्भजलाचा एम्बोलिझम (गर्भजल आईच्या रक्तात शिरणं) वर्षानुवर्षं दिसत नाही, म्हणून देशभरच्या प्रसूती विभागांना दर महिन्याला विचारतात. बाईचं नाव कळवायचं नसतं. आणि केस नसेल तरी 'नाही' असं कळवावंच लागतं. नाहीतर केस नव्हती की कळवायचं राहिलं, कसं समजणार? फ्लूच्या साथीसाठीचा अभ्यास २०१२ पासून तयार ठेवलेला होता, तो कोविडमध्ये लगेच सुरू करता आला. १ मार्च ते १४ एप्रिल २०२० एवढ्यात १९४ युनिटमधून दाखल झालेल्या ४२७ गरोदर बायांची माहिती जमली. त्यात निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक समाजांतल्या होत्या. आमच्या वॉर्डात ते दिसत होतंच, पण आकडा हातात आल्यावर बोलता आलं.

रक्तपेढीवाला
लेबर रूममध्ये बसून सगळ्या सापडणार नाहीत. बाळंतपणानंतर ४२ दिवस धरायचे असतात. दहाव्या दिवशी सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) होऊन आलेली बाळंतीण मेडिसिनला जाते, तुम्हाला पत्ताही नसतो. आयसीयूचं आणि ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर चाळा, आणि आमचं. एका बाईच्या नावावर रक्ताच्या ५ पिशव्या गेल्या की लगेच कळतं.

लेबररूम_इनचार्ज
सर, भागाकार मॅडमना दाखवते. मेडिसिनच्या सिस्टरांशी आजच बोलले. 'नाही' कळवण्याचं मात्र आपल्याकडे अवघड वाटतं ताई. शून्य चालतं म्हटलं की सगळे शून्यच पाठवतील, कोणाला मीटिंगला उभं राहायचंय?

रक्तपेढीवाला
पाठवू द्या की. शून्यवाल्या महिन्यात माझ्याकडून सहा पिशव्या एकाच बाईला गेल्या असतील तर विचारता येतं. फक्त विचारणारा आवाज चढवणारा नको.